डिक्सी क्रमानंच वाच

सांगली,
कोजागिरीनंतरचा सोमवार

चि. मुक्तास,


काल फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "मावशी, ती बाई नुसती मांजरांची भांडी विसळत बसते गं, खुनाकडे बघायला तिला वेळच नाही." एवढं बोलून तू हसलीस. पुस्तक मध्येच मिटून ठेवलंय म्हणालीस. त्या मालिकेतलं एखादं वेगवान असेल तर तेच सांग, क्रमानं वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे, असंही म्हणालीस. आणि जाता जाता, दिवाळीत बाहेरगावी जाणाऱ्यांच्या फ्लॅटच्या चाव्या घेतल्यात, तीन मांजरं आणि एक म्हातारा लॅब्रॅडॉर सांभाळायचाय, हेही सांगून टाकलंस. पहिल्या गोष्टीचा मला राग आला, दुसरीनं काळजी लागली. फोनवर तू मला बोलणं पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

आधी राग. नंदूनं ती अकराच्या अकरा पुस्तकं बॅगेतले स्वतःचे कपडे काढून तुझ्यासाठी आणली. मी त्याला नाव लिहून दिलं होतं ते विचार करून दिलं होतं. नागपूरहून परत आल्यापासून तू काही वाचत नव्हतीस, आणि ज्या कामाला तू हात घातलास ते बघून मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल तर ही डिक्सी हेमिंग्वे. तिला तू साठ पानंही देऊ नयेस?

त्या साठ पानांत काय आहे ते नीट बघ. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सारासोटा शहरासमोर सिएस्टा की नावाचं एक लांबट, चिंचोळं बेट आहे. तिथली वाळू जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झची, पिठीसारखी पांढरी, भर उन्हातही पायाला गार लागणारी. त्या बेटावर डिक्सी भल्या पहाटे चारला उठते आणि परगावी गेलेल्यांची कुत्री-मांजरं सांभाळायला निघते. घोस्ट नावाच्या अबिसिनियन मांजराला खायला घालायला ती एका घरात शिरते, तर मांजराच्या पाण्याच्या भांड्यात तोंड बुडालेला एक माणूस मरून पडलेला. ब्लेझ क्लेमेंट या लेखिकेनं मालिकेची सुरुवातच अशी केली आहे. खून पहिल्या काही पानांतच झाला, मुक्ता. त्यानंतर मांजराला सुरक्षित जागी कुठं ठेवायचं, याचा विचार डिक्सी करते, आणि तुला तिथं कंटाळा आला!

मला तर तिथंच मालिकेचा जीव दिसतो. मुक्या जिवाला सांभाळणाऱ्या माणसाला बघावंच लागतं. जनावर सांगत नाही की पोट दुखतंय. मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. लिटर साफ करणं हे तू हलकं काम म्हणालीस. बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याच्या हातून तो बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. मांजरानं दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर त्याचं यकृत बिघडायला लागतं. आज वाटीत किती उरलंय, पाणी किती कमी झालंय, कालचं पांघरूण आज दुसरीकडे कसं, हे रोज टिपणाऱ्या बाईला घरात परका माणूस येऊन गेल्याचं कळायला भिंग लागत नाही. भांडी विसळणं हाच तिचा तपास आहे. तू तो तपास ओलांडून तपास शोधत होतीस.

आणि हे काही डिक्सीपासून सुरू झालेलं नाही. 1892मधली शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' आठव. तुला ती मीच वाचून दाखवली होती, गच्चीवर, गोवर झाला होता तेव्हा. तबेल्यातून घोडा नेला त्या रात्री कुत्रा भुंकला नाही, एवढ्यावर होम्स सगळं ओळखतो. अगाथा ख्रिस्तीचं 'डम्ब विटनेस' 1937चं. त्यात म्हातारी जिन्यावरून पडते आणि आळ येतो तिच्या बॉब नावाच्या टेरिअरवर, त्याचा चेंडू पायरीवर पडला होता म्हणून. कुत्र्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती मांडायला पॉयरोला यावं लागतं. ख्रिस्तीनं ते पुस्तक आपल्या पीटर नावाच्या कुत्र्यालाच अर्पण केलंय. ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष काढणं हे रहस्यकथेचं सर्वांत सभ्य काम आहे, असं माझं कितीतरी वर्षांचं मत आहे. या वयात ते बदलायचं मला कारण दिसत नाही.

आपल्या घरी अण्णांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचे ढीग होते. झुंजार आणि काळा पहाड आम्ही पांघरुणात घेऊन वाचले. हजारावर रहस्यकथा लिहिणारा तो माणूस. मराठी मुलांना वाचनाची चटक लावली त्यानं, त्याचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण आमच्या वाचनात आलेल्या त्या कथांत कुणी कुणाला जेवू घालत नसे. खून झालेल्या घरातल्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हा प्रश्न मी एकदा ताईला, तुझ्या आईला, विचारला होता. ती म्हणाली, गोष्टीत तसलं नसतं. मग इतक्या वर्षांनी मला ही मालिका मिळाली, जिच्यात तसलंच असतं. माझ्यासाठी ती केवढी मोठी गोष्ट होती हे तुला कसं सांगू?

आता तुझा प्रश्न. क्रमानं वाचायचं का? हो, क्रमानंच. प्रत्येक पुस्तकातला खून वेगळा, तो सुटा वाचला तरी कळेल. पण या अकरा पुस्तकांतून पुढं सरकत जाते ती डिक्सीची स्वतःची गोष्ट. ती आधी सारासोटा परगण्याच्या शेरीफच्या खात्यात डेप्युटी होती. नवरा टॉडही त्याच खात्यात. एका पार्किंगमध्ये एका वृद्धाच्या हातून गाडी सुटली आणि टॉड आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी क्रिस्टी दोघंही गेली. डिक्सी पूर्ण कोसळली. वर्दीत ती परत गेली नाही, जनावरं सांभाळू लागली. सकाळी कुणीतरी उपाशी वाट बघतंय, म्हणून उठायचं. पहिल्या पुस्तकात ती एवढ्याच आधारावर उभी आहे. तपास अधिकारी गिड्री येतो, तिला तो आवडायला लागतो, आणि आवडणं हीच टॉडशी प्रतारणा आहे असं वाटून ती मागे सरते. पुन्हा एक पाऊल पुढं येते. हे सगळं इतकं हळू घडतं की मधलं एखादं पुस्तक गाळलंस तर ती बरी होतेय हे तुला दिसणारच नाही. ती नुसती बरी झालेली दिसेल. त्या दोहोंत किती अंतर आहे हे तुला मी सांगायला नको.

ब्लेझ क्लेमेंट पूर्वी मानसतज्ज्ञ होती, कुटुंबांना समुपदेशन करायची. म्हणून तिच्या लिखाणात दुःखावर कुणी प्रवचन देत नाही. डिक्सीचा भाऊ मायकल अग्निशमन दलात आहे. तो तिला समजावत नाही, जेवण करून वाढतो. त्याचा जोडीदार पाको गुप्त पोलीस. तोही शेजारीच, आजी-आजोबांच्या जुन्या घरात. व्हिलेज डायनरमधली ज्युडी तिला बघितल्याबरोबर कॉफी ओतते. टॉम हेल हा हिशेबनीस व्हीलचेअरवर आहे. त्याचा बिली एलियट नावाचा, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड डिक्सी पळायला नेते आणि त्याच्या बदल्यात टॉम तिचे कराचे कागद बघतो. एका बाईला जिवंत ठेवायला किती माणसं लागतात, याची ही मालिका म्हणजे यादी आहे. अमेरिकेत या प्रकाराला कोझी म्हणतात. छोटं गाव, हौशी शोधक, रक्तपात पडद्याआड. लोकांना वाटतं, म्हणजे आतही काही नसेल. तूही तेच म्हणालीस, "टाइमपास". लिलियन जॅक्सन ब्राउनची सयामी मांजरांची मालिका तू वाचली आहेस. ती बाई मांजरांच्या गोष्टींकडे वळली कशी, ठाऊक आहे? तिचं स्वतःचं सयामी मांजर उंच इमारतीच्या खिडकीतून पडून मेलं. कुणीतरी ढकललं असा तिला संशय होता. त्या दुःखातून तिनं एक कथा लिहिली, ती 1962मध्ये छापून आली, आणि 1966मध्ये मालिकेचं पहिलं पुस्तक. इतक्या हलक्या समजल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या तळाशी एक मेलेलं मांजर आहे आणि त्याच्यासाठी रडलेली बाई आहे. टाइमपास हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस.

क्लेमेंट स्वतः 2011मध्ये गेली. तिची सात पुस्तकं. सातवं तिच्या मागे, 2012मध्ये आलं. पुढची चार तिचा मुलगा जॉन क्लेमेंट यानं लिहिली. मुलानं आईची माणसं, आईचं बेट, आईची जनावरं सांभाळली. मला ती चार थोडी कमी वाटतात, त्यातली डिक्सी जरा जास्त हलकी झाली आहे. पण वाच. आईच्या पश्चात तिच्या मांजरांना वेळेवर खायला घालणारा मुलगा मला तरी मोलाचा वाटतो.

एक दोष मात्र सांगून ठेवते, कारण तो तुझ्या वाट्याला यायला नको. डिक्सी प्रत्येक पुस्तकात जिथं जायला नको तिथं एकटी जाते. दार उघडं दिसलं तरी आत जाते. ती काही वर्षं पोलिसात होती, तिला शस्त्र चालवता येतं, आणि तिच्या मागे लेखिका उभी आहे. तुझ्या मागे कुणी उभं नाही मुक्ता, म्हणून लिहिते.

ज्यांच्या चाव्या घेतल्यास ते तुझ्या ओळखीचे आहेत का? त्यांच्या नातेवाइकांपैकी आणखी कुणाकडे चावी आहे, हे विचारलंस का? घरात शिरल्यावर दारामागे कुणी असेल तर ते कोण, हे तुला आधी ठाऊक असायला हवं. गेटवर रोज वेळ लिहून आत जा. पहिल्या दिवशी मालकांच्या समोर सगळ्या खोल्यांचे फोटो काढून त्यांनाच पाठव. उद्या एखादा दागिना सापडला नाही तर पहिला आळ तुझ्यावर येईल. परक्या घराची चावी हातात असणाऱ्या बाईवर जग किती पटकन बोट दाखवतं, हे मी आपल्या वाड्यातल्या सखूबाईच्या वेळी बघितलंय. ताईला विचार. कुलूप तुटलेलं, दार लोटलेलं, आतून आवाज, काहीही वेगळं दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही. वॉचमनला बोलाव, मालकांना फोन कर, 112 लाव. मांजर तोवर थांबेल.

दिवाळीच्या फटाक्यांत जनावरं बिथरून पळतात. संध्याकाळ होण्याआधी त्यांना आतल्या खोलीत घे, खिडक्या लाव, गॅलरीला जाळी नसेल तर ते दार अजिबात उघडू नकोस. मांजर असलेल्या घरी कुणी भेट म्हणून लिलीचा गुच्छ पाठवला तर तो तसाच बाहेर काढ. लिली मांजराला विष आहे, तिचे परागकण अंगाला लागून चाटले गेले तरी मूत्रपिंडं जातात. लॅब्रॅडॉर म्हातारा आहे म्हणतेस, मग डॉक्टरांचा नंबर आणि त्याच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्यास का? पैसे आधी ठरवलेस का? "ओळखीतलेच आहेत, काय मागायचे," असं म्हणाली असशील तर मला राग येईल. बिली एलियटला पळवण्याचा मोबदला डिक्सी चोख घेते.

आणि तू जेवतेस का? चार घरी वाट्या भरून येतेस आणि स्वतः रात्री चहा-बिस्किटांवर झोपतेस, हे मला नंदूकडून कळलं. त्याच्यावर चिडू नकोस. डिक्सीला मायकल वाढतो तेव्हा ती पानावर बसते, नाही म्हणत नाही. ती सावरते आहे याची पहिली खूण तीच आहे, तुझ्या त्या साठ पानांतसुद्धा ती आहे. तू सगळ्यांना खायला घालणारी झालीस याचा मला अभिमान आहे. पण कुणी तुला वाढायला आलं की तू दार लावतेस. ते मला मान्य नाही. ताईला तू बोलू देत नाहीस, म्हणून तिच्या वतीनं मी बोलते आहे.

भाऊबीज झाली की चाव्या ज्याच्या त्याला परत दे, हिशेब चुकता कर आणि सरळ इकडे ये. तोवर पहिलं पुस्तक मिटलंस त्याच पानापासून पुढं वाच, दुसऱ्याला क्रमानंच हात लाव, आणि रोज रात्री शेवटचं कुलूप लावलंस की मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी कर.

तुझी,
कुमुदमावशी