कंसातले नाव

इंदूरच्या त्या घरात पणजीचे नाव कुणालाच माहीत नव्हते. पणजोबा १९१८ सालच्या मानमोडीच्या साथीत गेले, एवढे सगळ्यांना ठाऊक होते. पणजीबद्दल मात्र एकच वाक्य चालत आले होते, "ती लेकरांना टाकून माहेरी निघून गेली." हा विषय निघाला, की आजोबा भरल्या ताटावरून उठून जात. त्यांचे गप्प राहणे हाच त्या गोष्टीचा पुरावा मानला गेला.

आजोबा लहान वयातच नाशिक जिल्ह्यातले गाव सोडून इंदूरला आले आणि कापडगिरणीत लागले. गावाकडे थोडी शेती राहिली. त्यांची नात आता निवृत्त शिक्षिका आहे. भाच्याला काही कामासाठी शेताचा उतारा हवा होता, म्हणून बाई त्याच्याबरोबर संगणकासमोर बसल्या. पूर्वी अशा कामासाठी रजा काढून गावी जावे लागे आणि तलाठी जागेवर भेटले तर नशीब! आता 'महाभूलेख'वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक घातला, की उतारा समोर येतो.

"आत्या, या नावांशेजारी हे आकडे कसले गं?" भाच्याने विचारले.

त्या आकड्यांनीच पुढची वाट दाखवली. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तीत पीक काय, हे बहुतेकांना माहीत असते. पण नावाजवळचा आकडा हा फेरफाराचा असतो. मृत्यू, वाटणी, खरेदी, गहाण अशा कारणाने जमिनीवरच्या हक्कांत बदल झाला, की त्याची नोंद फेरफाराच्या वहीत होते. तिथे सालही असते आणि कारणही. एका फेरफारावरून त्याआधीच्या फेरफाराकडे जात राहिले, तर घराण्याच्या दोन-तीन पिढ्या मागे जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे नशीब असेल तर शंभर वर्षांपूर्वीची पानेही सापडतात.

वाट सरळ नव्हती. १९४७ च्या कायद्यानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. आजचा गट म्हणजे जुना सर्व्हे क्रमांक कोणता, हे कळायला एकत्रीकरण योजनेचा उतारा लागतो. तो भूमी अभिलेख कार्यालयातून आणावा लागला. मग 'आपले अभिलेख' या शासनाच्या संकेतस्थळावर जुन्या फेरफारांची छायाचित्रे मिळाली. सगळ्याच गावांची इतकी जुनी पाने तिथे नसतात. या गावाची होती. पण उघडून पाहतात तो सगळा मजकूर मोडीत! ओळखीतल्या एका वृद्ध गृहस्थांना मोडी येत होती. त्यांनी भिंग घेऊन एकेक ओळ वाचून दाखवली.

पहिली नोंद १९१९ सालची होती. खातेदार मयत, वारस दोन मुलगे, दोघेही अज्ञान. आणि पुढे तीन अक्षरे : अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे लिहिले होते 'आई' आणि मग तिचे नाव. तीन अक्षरी, साधेच नाव. बाईंनी ते दोनदा वाचायला लावले.

पुढच्या पानांवर ती पुन्हा भेटली. १९२१ साली शेताचा एक तुकडा सावकाराकडे गहाण पडला होता, मुलांच्या वतीने व्यवहार करणारी तीच. १९२७ साली तो तुकडा सोडवला, तेव्हाही तीच. १९२९ साली थोरला मुलगा सज्ञान झाला. त्याच्या नावापुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लागले आणि आईचे नाव कंसात गेले. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीपुरताच हक्क. तिच्या स्वतःच्या नावाने गुंठाभरही जमीन नव्हती.

म्हणजे जी लेकरांना टाकून गेली असे घर म्हणत आले, तिने दहा वर्षे त्याच लेकरांची जमीन सांभाळली, गहाण पडलेली सोडवून आणली आणि थोरल्याच्या हाती दिली. त्यानंतर ती कुठे गेली, का गेली, की तिला जावे लागले, हे कोणत्याही पानावर नाही. धाकटा मुलगा गाव सोडून इंदूरला का आला, हेही नाही. बाई मात्र आजोबांच्या त्या उठून जाण्याचा अर्थ नव्याने लावू लागल्या.

फेरफार महसुलासाठी लिहिलेला असतो, कुणाच्या मनासाठी नव्हे. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचा त्यात मागमूसही नसतो. बायकांची नावे तर कुणी मेल्यावर किंवा मुले लहान असतानाच तेवढी येतात. तरीही घरातल्या एखाद्या गोष्टीवर शिक्का मारण्याआधी हे कागद एकदा पाहावेत.

बाईंनी वंशावळीची वही केली. तीत प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचे नाव लिहिले आणि लेकींचीही. पणजीची जागा पहिल्यांदाच भरली.

वही जवळजवळ पुरी झाली, तेव्हा उतारे चाळता चाळता भाचा थांबला. "आत्या, हे तर तुझंच नाव. हे का काढून टाकलंय?"

१९९६ साली वडील गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगी म्हणून त्यांचे नाव लागले होते. मग भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला, त्यांनी सही केली, साडीचोळी घेतली. फेरफारात एवढेच लिहिले आहे, 'हक्कसोड पत्रावरून नाव कमी केले.'

बाईंनी संगणक बंद करायला सांगितला. आणि त्या वेळी घरात काय बोलणे झाले, कोण रडले, कुणी समजूत घातली, ते सगळे त्याला पहिल्यापासून सांगायला घेतले.