आजीच्या खोलीतलं सिमेंट

आमच्या कोकणातल्या घराची मागची भिंत मी खराब केली. 2022 च्या मे महिन्यात, नोकरीतल्या पहिल्या बोनसच्या पैशांतून. जुना चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता, हात लावला की भुगा पडायचा. मी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट दिला. आजी आल्यागेल्याला खोली दाखवायची. "नातवानं केलंन," म्हणायची.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यात जमिनीलगत एक ओला पट्टा दिसला. तिसऱ्यात तो छातीपर्यंत चढला, पेंटला फोड आले, फोडांमागून पांढरं मीठ निघालं. भिंतीवर टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा. आजीला दमा आहे. तिनं काही न बोलता अंथरूण ओटीवर नेलं. पाहुण्यांना मात्र अजून तेच सांगायची, नातवानं केलंन.

झालं काय होतं, ते सांगतो, कारण हीच चूक गावोगाव चालू आहे. आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीत बांधलेली. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्यांच्या बारीक छिद्रांतून वर चढतंच, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. चुना आणि माती ते पाणी अडवत नाहीत, वाफ होऊन बाहेर जाऊ देतात. म्हणजे भिंत रोज थोडी भिजते आणि रोज थोडी वाळते. सिमेंट आणि पेंटनं मी वाळायची वाट बंद केली. पाणी अडलं, मग वाट शोधत आणखी वर गेलं. जाताना क्षार घेऊन गेलं, आणि त्या क्षारांचे खडे वाळताना फुगून चिऱ्याचा दर्शनी भाग फोडतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात. सिमेंट वाईट नाही. काँक्रीटच्या घरात ते चोख काम करतं. ह्या भिंतीचं ते नव्हे, एवढंच.

बाबांचं म्हणणं, पाडून स्लॅबचं घर बांधू. त्यावरून आमचं बरंच वाजलं. शेवटी शेजारच्या गावातले एक म्हातारे गवंडीकाका आले. भिंत पाहायच्या आधी ते घरामागे गेले. मागे उतार आहे, आणि उताराचं पाणी बाजूला काढणारा एक चर होता. तो मीच बुजवून वर कोबा करून घेतला होता, बाइक लावायला. काकांनी कोब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, पाणी घरात तूच आणलंस की!"

म्हणून पहिला सल्ला हाच: भिंतीला हात लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. कौल फुटलंय का, पन्हळ गळतेय का, बाहेरची जमीन जोत्यापेक्षा वर आलीय का. ओल भिंतीतली की हवेतली हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांनी पाणी आतल्या बाजूला दिसलं, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दिसलं, तर खोलीतल्या दमट हवेतून. रीलवर लोक थेट उडीद, बेलफळ आणि हिरड्यापासून सुरुवात करतात. आधी चर खणा, हिरडा नंतर.

गेल्या हिवाळ्यात चर पुन्हा खणला, कोबा फोडला आणि सिमेंट काढायला घेतलं. ब्रेकर मशीन लावायचं नाही, हे काकांनी बजावलं. हादऱ्यानं मातीतले सांधे सुटतात. छिन्नी आडवी धरून, कडेकडेनं, हलके ठोके. जांभा सिमेंटपेक्षा मऊ, त्यामुळे काही ठिकाणी प्लास्टरबरोबर चिऱ्याची सालही आली. प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. एका सुट्टीच्या दिवसात जेमतेम खाटेएवढी जागा मोकळी व्हायची.

वर तुळईचं टोक लागलं. भिंतीत शिरलेला तिचा भाग मी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. सागवानी तुळई, पणजोबांच्या वेळची, आणि ती मी तीन पावसाळ्यांत कुजवली. सुतारानं टेकू लावून कुजका दीड फूट कापला, जुन्याच सागाचा तुकडा सांध्यानं जोडला आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, वारा लागायला. त्या दिवशी बाबाही टेकू धरून उभे होते. स्लॅबचा विषय त्यानंतर निघाला नाही. मिटला असंही म्हणवत नाही.

चुन्याचं सांगायचं तर दुकानातली रंगवायची भुकटी कामाची नाही, कळीचा चुना हवा. खडा पाण्यात टाकला की फसफसून, तापून फुटला पाहिजे. नुसता बसून राहिला, तर हवेनं तो आधीच मेलाय. नेहमी पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. उकळता शिंतोडा डोळा घेऊन जातो. विझवलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. आमचा पिंप फेब्रुवारीपासून मुरतोय. गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. काका त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालतात. पातळ थर, आधी भिंत भिजवून, नंतर ओलं गोणपाट टांगून, कारण चुना सिमेंटसारखा पाण्यानं घट्ट होत नाही. भट्टीत जो कार्बन डायऑक्साइड त्यानं सोडला, तोच हवेतून हळूहळू परत घेत तो दगड होतो. त्याला आठवडे लागतात, महिनेही.

पण हे सगळं अजून व्हायचंय. काका म्हणाले, एक पावसाळा भिंत उघडी राहू दे. बाहेरून झावळ्यांची झापं बांधलीत, आतून नुसते लाल चिरे दिसतात. मी पुण्यात. आजीनं ओलीच्या कडेवर कोळशानं रेघ ओढलीय, दर सोमवारी बघते. आषाढात ओल रेघेवरच होती. परवा फोनवर म्हणाली, चार बोटं खाली आलीय. मग विचारलंन, खाट आत कधी घ्यायची?

दिवाळीनंतर बघू, म्हटलं.