फुलांचा पत्ता

उर्दू शाळेतला कार्यक्रम कोणताही असो, तिलावत, हम्द आणि नात झाली की 'गुलपोशी' ठरलेली. पाहुणे उशिरा येतात, माइक बिघडतो, पण गुलपोशी टळत नाही. आम्ही बी.एड. करून कल्याणच्या एका उर्दू शाळेत रुजू झालो, तेव्हा सर्वांत धाकटे शिक्षक म्हणून हार आणि गुलदस्ते आणण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. राहणे बदलापूर पूर्वेला, शिरगावात. बारा-तेरा वर्षे पिशवी सांभाळत लोकलने येजा केल्यावर फुलांची थोडीफार जाण आली. बी.एड.च्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता.

या जाणकारीची बातमी मोहल्ल्यातून आखातापर्यंत कशी पोचली, अल्लाह जाणे. पण दम्माम, दोहा, कुवेतहून फोन येऊ लागले. "सर, घरी फुलं पाठवायचीत. कशी पाठवू?"

प्रश्न साधा दिसतो, तसा तो नाही. आपल्या घरांत फुले सजावटीला कमी आणि प्रसंगाला जास्त लागतात. निकाहला सेहरा, हजहून परतलेल्याच्या गळ्यात हार, जनाजावर चादर, तिसऱ्या दिवशीची जियारत, शब-ए-बारातला कबरीवर मूठभर पाकळ्या. हे आणणे घरातल्या कर्त्या मुलाचे काम होते. आता तोच मुलगा परदेशी असतो, आणि जो इथे आहे तो 68 किलोमीटरवरच्या मुंबईत कामाला जायला अंधारात घर सोडतो. फुले पाठवणे म्हणजे त्याच्यासाठी हजेरी लावणे असते.

परगावी फुले पाठवण्याची रीत जुनी आहे. 1910 साली अमेरिकेतल्या पंधरा फूलविक्रेत्यांनी आपसांत करार केला: एका शहरात पैसे घ्यायचे, दुसऱ्या शहरातल्या दुकानदाराला तार करायची आणि त्याने आपल्याजवळची ताजी फुले पोचती करायची. मुद्दा असा की फूल प्रवास करत नाही, निरोप करतो. फूल त्याच गावचे असते. आज तारेच्या जागी मोबाइल आला, पण शेवटी कुणाला तरी त्या गल्लीत जावेच लागते. गाडी अडते ती नेमकी तिथे.

2022 च्या मे महिन्यात शेजारच्या खाला वारल्या. थोरला मुलगा दम्मामला. रात्री अकराला त्याचा फोन आला. जोहरनंतर दफन ठरले होते, तो पोचणे शक्य नव्हते. रडत नव्हता, पुन्हा पुन्हा एकच सांगत होता की त्याने एका वेबसाइटवर 421503 हा पिनकोड टाकून फुलांचे पैसे भरलेत, तेवढे बघा. सकाळी पोचवणाऱ्या मुलाचा आम्हाला फोन आला, "शिरगाव म्हणजे कुठलं?" त्याचेही खरे होते. महाराष्ट्रात शिरगावे काय एकदोन आहेत? पालघरजवळ किल्ल्याचे शिरगाव, मावळात साईमंदिराचे शिरगाव, रत्नागिरीजवळ आणखी एक. आम्ही पत्ता समजावला. फुले आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. चमकदार कागदात बारा गुलाब, पाकळ्यांवर चमकी फवारलेली. खालांच्या मुलीने ती पाण्याच्या बादलीत ठेवली. भावाचे पैसे होते, फेकवेनात.

पण दफनाला फुले होती. रात्रीच आम्ही स्टेशनजवळच्या फूलवाले मामांना फोन केला होता. मामा पहाटेच्या लोकलने, लगेजच्या डब्यातून, दादरच्या फूल मंडईला जातात; घाई असली तर कल्याणच्या बाजार समितीत. त्यांनी कुठली फुले पाहिजेत, किती बजेट, असे काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "शुक्रवारी मोगरा न्यायच्या त्याच ना काकी? गुलाब कमी टाकतो." मोगरा मे महिन्यात भरपूर. विक्रमगडकडच्या वाड्यांतून तो दादरला येतो. कळी असतानाच खुडतात, संध्याकाळी उमलते. मामांनी कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. त्यांवर थेट पाणी मारले तर डाग पडतात, म्हणून. बाराच्या आत चादर घरी आली. आणणारा मामांचा मुलगा पायरीवर चपला काढून उभा राहिला, कुणी सांगितले नव्हते.

रात्री दम्मामहून पुन्हा फोन. मुलाने विचारले, "कुठली फुलं होती, सर?" आम्ही म्हटले, "मोगरा." मग बराच वेळ कुणीच बोलले नाही. पैसे त्याने महिन्याच्या पगाराला मामांच्या नंबरवर टाकले. मामांनी आठवण केली नव्हती.

कबरीवर फुले घालावीत का, यावर आपल्याकडे वाद आहे, तोही इथे सांगितलेला बरा. पैगंबरांनी (स.) खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर लावली, ती सुकेपर्यंत त्यांचा त्रास हलका व्हावा म्हणून, ही बुखारी शरीफमधली हदीस. काही उलेमा यावरून फुलांना मुभा देतात. काही म्हणतात, ती पैगंबरांची खास बाब होती. आम्ही मुफ्ती नाही. ज्या घरात नको म्हणतात तिथे फुले नेत नाही, आणि त्या पैशात गरिबाला जेवण द्या म्हणणाऱ्याचेही ऐकतो. मात्र वाद घालणाऱ्यांपैकी दम्मामला बसून आईचे दफन ऐकणारे कितीजण, हे मनात येतेच.

तेव्हापासून परदेशातून विचारणाऱ्याला आम्ही कुठल्याही कंपनीचे नाव सांगत नाही. गावातल्या फूलवाल्याचा नंबर देतो आणि बजावतो: पैसे आधी टाक, घराची खूण सांग, कुणासाठी ते सांग. मामांना हे सांगितल्यावर निम्मे काम होते. हाजींच्या हारात झेंडू चालतो, सेहऱ्याला मोगरा आणि गुलाब, बाकी काय ते मामांना कळते. अडचण वेगळीच आहे. शिरगावात टॉवर वाढले. नव्या बिल्डिंगमधली माणसे मामांना ओळखत नाहीत आणि मामा त्यांना. तिथे फ्लॅट नंबर चालतो, "शुक्रवारी मोगरा न्यायच्या त्या" चालत नाही.

मामांकडे एक वही आहे. तीत लग्नतिथी, गणपती, दसरा आणि आपले सणही. आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात याने ते हैराण असतात. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आपल्या लोकांनी जुलूस पुढे ढकलला, पण झेंडू कोण पुढे ढकलणार? 2025 ला शब-ए-बारात 13 फेब्रुवारीच्या रात्री, दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाइन. मावळातला लांब दांड्याचा गुलाब परदेशी आणि प्रेमिकांकडे चाललेला. मामांनी आठवडाभर आधीच ठणकावले, "सर, पाकळ्यांना गावठी गुलाब घ्या, किलोवर. दांड्याचे पैसे कबरीला कशाला?"

आता शाबान जवळ आला की तेच फोन करतात. "तारीख सांगा, दादरला आगाऊ सांगायचंय."

"चाँद दिसल्याशिवाय कशी सांगू, मामा?"

"मग दोन तारखा सांगा. मी दोन्ही दिवस जातो."