मुळशी खोऱ्यातील शाळा आणि मुलांचे मन

पुण्याचा चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि पौड येते. हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथून पुढे रस्ता धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाटाकडे वळतो. आंबेमोहोर तांदूळ आणि मुसळधार पाऊस ही या मुलखाची जुनी ओळख. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि ते ‘सेनापती’ झाले. धरण मात्र झालेच. शेते, घरे पाण्याखाली गेली आणि अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले.

घर सोडण्याचे दुःख जाणणाऱ्या या खोऱ्यात आज मुले घर सोडून शिकायला येतात. लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठे उभी आहेत. हिंजवडी भागात आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. निरनिराळ्या देशांतील मुलांनी एकत्र राहून शिकावे, या कुर्ट हान यांच्या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये अशा महाविद्यालयांपैकी पहिले सुरू झाले. खुबवलीतही देशोदेशींची मुले दोन वर्षे एकत्र राहून इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यास करतात. सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध, शिवाय कला, खेळ व सेवा, असा हा भरगच्च अभ्यासक्रम आहे. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्यास त्यात द्वैभाषिक पदविकाही मिळते.

आपल्या समाजातील पालक निवासी शाळा पाहण्यास जातात, तेव्हा त्यांची पहिली चौकशी भोजनाची असते. जमीकंद वर्ज्य असेल का, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हे ते आवर्जून विचारतात. ही काळजी योग्यच आहे. मात्र एक प्रश्न बहुधा राहून जातो. मूल खचले, तर ते कोणाशी बोलेल? आणि कोणत्या भाषेत?

वर्गात अस्खलित इंग्रजी बोलणारे मूल आतून कळवळते ते मराठीत, गुजरातीत किंवा मारवाडीत. ‘हुरहुर’ या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द शोधता शोधता मूळ भावनाच हातची निसटते. म्हणून द्वैभाषिक शाळेत दुसऱ्या भाषेची जागा वेळापत्रकापुरती असू नये. समुपदेशकाच्या खोलीतही ती असावी. मुलाची भाषा समुपदेशकास येत नसेल, तर ती जाणणारी एखादी विश्वासू शिक्षिका वा गृहमाता मुलाच्या संमतीने सोबत असावी.

समुपदेशनाविषयी अनेक घरांत अजूनही संकोच आहे. ‘आमच्या मुलाला काही झालेले नाही’ असे चटकन म्हटले जाते. वास्तविक समुपदेशकाकडे जाणारी बहुतेक मुले आजारी नसतात. घरची आठवण, मैत्रीतील दुरावा, परीक्षेची धास्ती, परदेशी प्रवेशाचा ताण, झोप न लागणे, असे त्यांचे प्रश्न असतात. समुपदेशक निवाडा देत नाही. तो ऐकतो, मुलाला स्वतःचे विचार नीट मांडू देतो आणि गरज दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो.

जैन परंपरेला हे ऐकून घेणे अपरिचित नाही. शिष्याने आपले दोष निष्कपट मनाने गुरूंपुढे मांडावेत, ही आलोचना. ती ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात ‘अपरिस्रावी’ हा एक गुण सांगितला आहे. ऐकलेले जो बाहेर झिरपू देत नाही, तो अपरिस्रावी. समुपदेशनात मुलाने दोष कबूल करावयाचे नसतात, हा फरक खराच. पण गोपनीयतेची अट दोहोंकडे सारखीच आहे. मुलाच्या जिवास धोका असेल किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर मात्र मौन बाळगता येत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

ही सोय महागड्या शाळांपुरती राहू नये, हे आता न्यायालयानेही सांगितले आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिले. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. ती मुळशीच्या आंतरराष्ट्रीय शाळेतील मुलास जितकी खुली आहे, तितकीच पौडच्या सरकारी वसतिगृहातील मुलासही आहे.

तेव्हा शाळा पाहताना पालकांनी स्वयंपाकघराबरोबर समुपदेशकाची खोलीही पाहावी. तेथे जाताना मुलांवर कोणाची नजर तर राहत नाही ना, रात्री अडचण आल्यास कोणास उठवता येते, सांगितलेले कोणाकोणापर्यंत पोहोचते, हे विचारावे. आणि रविवारी मुलाचा फोन आला की गुणांची चौकशी थोडी मागे ठेवून, घरच्या भाषेत, ‘कसा आहेस?’ एवढे विचारून उत्तरासाठी थांबावे. मूल गप्प राहिले, तरी फोन ठेवण्याची घाई करू नये.