शंभर शब्दांचा नियम



चातुर्मासात आपण हिरव्या भाजीचा, गोडाचा, प्रवासाचा नियम घेतो. दोन वर्षांपूर्वी मी शब्दांचा घेतला. रोज लिहायचं, पण शंभरच शब्द. कमी चालतील, एकशे एकावा नाही. चातुर्मास संपला, नियम राहिला.

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात. ओटा पुसून झाला की आरतीपर्यंतचा अर्धा तास माझा. ओळीत दहा शब्द, अशा दहा ओळी. मोजायला सोपं जातं. हित-मित-प्रिय बोलावं, असं आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. हित कशात, प्रिय कुणाला, यावर वाद घालता येतो. मित मात्र बोटांवर मोजता येतं.

जाऊबाई काय बोलल्या हे लिहायला घेतलं, की साठ-सत्तर शब्द तिथेच संपतात. मग धाकटीने आज न अडखळता णमोकार म्हटला, त्याला जागा कुठली? कुणाला तरी गाळावं लागतं. बहुतेक वेळा जाऊबाई गळतात. (बहुतेक वेळा म्हटलंय मी!)

मराठी या बाबतीत उदार आहे. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द. मुलगा म्हणतो, ही लबाडी आहे. मी त्याला तत्त्वार्थसूत्र दाखवते. दशलक्षण पर्वात रोज एक, असे त्याचे दहा अध्याय आपण ऐकतो. आपल्या दिगंबर पाठात सूत्रं फक्त ३५७. पहिल्याच सूत्रात दर्शन, ज्ञान, चारित्र तिन्ही रत्नं एका समासात बसवली आहेत. उमास्वामींना चालतं, तर मला का नाही?

बाबा गेले त्या दिवशी मात्र शंभर शब्दांत बाप कसा मावायचा, असं झालं. सुतकामुळे मंदिर नव्हतं, वेळच वेळ होता. तरी मोजूनच लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले, कोण आलं, कोण आलं नाही, हे सगळं बाहेर राहिलं. आत आलं ते एवढंच, की सकाळी त्यांनी पाणी गाळायचं फडकं स्वतः पिळून दोरीवर घातलं, आणि संध्याकाळी मी ते वाळलेलं काढलं. नव्वद शब्दांतच झालं. शेवटची ओळ कोरी आहे.

ती वही सध्या आईकडे आहे. तिने मागून नेली.