पसरणीच्या घाटातली जावा

पाचगणीत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. जूनमध्ये ढग टेबललँडवर येऊन टेकले की सप्टेंबरपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत. फाटकांच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, छपरांचे पत्रे, सायकलींच्या चेनी, उघड्यावर असेल ते सगळं गंजतं. झाकून ठेवलेलं तर कधीकधी त्याहून लवकर गंजतं, कारण बंद खोलीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते. म्हणूनच एका जुन्या बंगल्याच्या मोटारखान्यात साठच्या दशकातली मोटारसायकल अजून उभी आहे असं माळ्याकडून कळलं, तेव्हा तिच्यातली किती उरली असेल हाच प्रश्न आधी मनात आला.

पुष्कळ उरली होती. गोणपाटाखाली अडीचशे सीसीची जावा होती. टाकीचा मरून रंग उन्हात न निघाल्यामुळे खोल आणि शांत राहिला होता. टाकीच्या कडेच्या क्रोमला मात्र पोपडे आले होते. हेडलाइटच्या कवचातच बसवलेला स्पीडोमीटर, गुडघे टेकायला रबराचे पॅड, एकाच सिलिंडरमधून निघून दोन्ही अंगांनी मागे गेलेले लांब सायलेन्सर. सीटमधला काथ्या उंदरांनी उपसून नेला होता आणि टायर जमिनीला चिकटून बसले होते. पण मागची चेन पत्र्याच्या बंद कवचात होती, आणि ते कवच उघडलं तेव्हा आत जुनं ग्रीस अजून ओलं होतं. ज्यांनी हा भाग आखला त्यांनी चिखलाचा, पावसाचा विचार केला होता. त्या ओल्या ग्रीसला बोट लावलं आणि गाडी घ्यायचं तिथंच ठरलं.

पाचगणीत जावा सापडावी यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसननं हे गाव वसवलं, सिल्व्हर ओकची झाडं लावली. पुढे कोरड्या, थंड हवेसाठी क्षयाचे रोगी इथं येऊ लागले. 1912 मध्ये डॉ. रुस्तुम बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं. निवासी शाळा आल्या, आणि मुंबईच्या पारशी-इराणी कुटुंबांनी इथं बंगले बांधले. पारशी पॉइंटवर उभं राहून खाली धोम धरणाचं पाणी बघणाऱ्यांना त्या नावामागची ही वसाहत क्वचितच आठवते.

जावाही या देशात इराणी कुटुंबाच्याच हातून रुजली. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. प्राग शहरात शस्त्रांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रांतिशेक यानेचेकनं 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा घेतला आणि धंदा बदलला. तीन दशकांनी रुस्तुम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा केला. 1961 पासून तिथं गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी या नावानं गाड्या निघू लागल्या, आणि 1996 मध्ये त्याला टाळं लागलं. मोटारखान्यात उभी असलेली गाडी म्हैसूरच्या सुरुवातीच्या वर्षांतली होती.

बंगल्याच्या बाई वयानं फार मोठ्या. पैशांची गोष्ट त्यांनी शेवटी काढली. आधी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "डिकरा, तू चालवणार ना? नुसता शोसाठी ठेवणार असेल तर नको." चालवणार म्हटल्यावर त्यांनी आतून एक डबा आणवला. त्यात आरसी बुक होतं, विम्याचे जुने कागद होते आणि चावी होती. जावाची ती चावी म्हणजे हेडलाइटवरच्या भोकात दाबायची एक साधी दांडी. एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला चालायची. तरी त्यांनी ती वर्षानुवर्षं जपली होती.

कागद होते म्हणून पुढचं सगळं जमलं. जुनी गाडी घेणाऱ्यानं इंजिनाआधी कागद बघावेत, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि आरसीवरचे नंबर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. एमएच-11 ही साताऱ्याची ओळख रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा तो क्रमांक. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. नियम चांगला आहे. मूळ रूपातल्या गाड्या भंगारात जाण्यापासून त्यामुळे वाचतील. पण अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. मला बाईंना दिलेला शब्द पाळायचा होता. म्हणून साधा मार्ग धरला: फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण. आरटीओच्या फेऱ्या झाल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते वाईच्या मिस्त्रींबद्दल. त्यांनी उमेदीच्या काळात जावा आणि येझदी एवढंच काम केलं. पुढे गाड्या बदलल्या तसं कामही बदललं, पण भिंतीवरच्या लाकडी पेटीत जावाचे पुलर, क्लच उघडायचा पाना, पिस्टनची पिन काढायचा दांडा हे सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. गाडी टेम्पोतून उतरवताच मी सवयीनं किकवर पाय ठेवला, तर ते पुढे आले. "किक मारायची न्हाई. रिंगा चिकटल्यात. ओढून मारली की सिलिंडर खरवडतंय." मग त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून आत तेल सोडलं आणि गाडी तशीच ठेवून दिली. पुढे बरेच दिवस दुकानासमोरून जाताना ते फक्त एकदा मागचं चाक हातानं हलवून बघत. एक दिवस चाकाबरोबर पिस्टन हलला. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

इंजिन उघडलं तेव्हा अंगठीएवढ्या गोष्टींवर केवढं अवलंबून असतं ते दिसलं. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि ते बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे इंजिनाचं पोट हवाबंद हवं. ते हवाबंद राखणारी रबराची दोन सील क्रँकच्या दोन टोकांना असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढतं आणि मागं पांढऱ्या धुराचे लोट सुटतात. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर ते बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून भाजतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची दोन्ही सील कडक झालेली असतात. अनेकांच्या जुन्या गाड्या रंगरंगोटी होऊनही धड चालत नाहीत, त्याचं कारण पुष्कळदा या दोन चकत्यांत असतं. त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून कुणी त्यांच्यावर खर्च करत नाही.

सिलिंडरचं बोअरिंग आणि क्रँकचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. मूळ बोअर 65 मिलिमीटर, स्ट्रोक 75. आता पिस्टन एक साइज वरचा बसला. उद्यमनगराबद्दल वेगळं लिहायला हवं. तुटका, न मिळणारा कुठलाही भाग हातात घेऊन तिथं गेलं तर "होईल की" याखेरीज दुसरं उत्तर मी फारसं ऐकलेलं नाही. क्रँक प्रेसवर उघडून, नवा कनेक्टिंग रॉड घालून, पुन्हा केसभरही डगमगू नये इतकी सरळ जोडून देणारी माणसं तिथं आहेत.

पण माझ्या मनात राहिलं आहे ते टायमिंग लावणं. डायनॅमोचं झाकण काढून मिस्त्री बाकड्यावर बसले. पॉइंटची टोकं पॉलिशपेपरनं घासली, पट्टी घालून फट बघितली. मग खिशातून एका सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद काढला. ते स्वतः सिगारेट ओढत नाहीत. तो कागद याच कामासाठी ठेवलेला. कागद पॉइंटच्या दोन टोकांमध्ये धरला, डाव्या हातानं तो अगदी हलका ओढून ठेवला आणि उजव्या हातानं क्रँक अंगठ्याच्या जोरावर इंच-इंच फिरवू लागले. कागद घट्ट होता, घट्ट होता, आणि मग अचानक सुटला. "हितं," ते म्हणाले. पॉइंट उघडला तो हाच क्षण, ठिणगी पडणार ती इथंच. प्लगच्या भोकातून पट्टी घालून पिस्टन माथ्यापासून किती खाली आहे ते बघितलं, पाटा किंचित सरकवला, पुन्हा कागद. असं कितीतरी वेळ चाललं. शेजारच्या दुकानात स्कॅनर जोडून नव्या गाडीचा दोष पडद्यावर वाचत होते, आणि इथं कागदाच्या सुटण्यातून हाताला कळत होतं. मला दोन्ही कौतुकाचे वाटतात. पण दुसरं ज्याच्याजवळ आहे तो माणूस गेला की ते कुठल्याच दुकानात विकत मिळणार नाही. जुनी गाडी चालू करण्यात मला खरा जीव वाटतो तो यासाठी. गाडी चालत असेल तोवर हे हातही कामात राहतात.

सहा व्होल्टची बॅटरी, पेट्रोलात लिटरला 40 मिली तेल. कार्बोरेटरवरचं टिकलर दाबलं, पेट्रोल बोटाला लागलं. किक मारली. मग पुन्हा. इंजिन खोकलं, थांबलं, आणि पुढच्या किकला धरलं. धुराचा पहिला लोट निळा होता, जळक्या तेलाच्या वासाचा. सुगरण फोडणीच्या आवाजावरून तेल तापलं का ते सांगते, तसे मिस्त्री मान बाजूला करून ऐकत राहिले, मग स्क्रू पाव आटा फिरवला. दोन्ही सायलेन्सरमधून तो सावकाश, सुटा सुटा ठोका येऊ लागला. माझ्या पिढीनं तो लहानपणी डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, गावच्या दूधवाल्याच्या गाडीचा म्हणून ऐकला होता. मग किकचाच दांडा आत दाबून पुढे फिरवायचा की तो गिअरचा होतो. गिअर दाबताना क्लच आपोआप सुटतो. हातातला क्लच धरायलाच हवा असं नाही. इतकी हुशारी इतक्या थोड्या भागांत बसवलेली पाहिली की आखणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

वाईला छान चालणारी गाडी पाचगणीत आली आणि जड झाली. प्लग काढला तर काळा, ओलसर. दोष गाडीचा नव्हता. वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या आसपास, पाचगणी जवळजवळ 1,300. मधल्या पसरणीच्या घाटाच्या बारा किलोमीटरमध्ये हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच येतं. मिस्त्रींना फोन केला तर ते लगेच म्हणाले, "वरच्या हवेला सुई एक घर खाली करा." केली. दुसऱ्या दिवशी प्लगचं टोक कोरडं, विटकरी. आपण श्वास घेताना ज्या फरकाची दखल घेत नाही तो ही गाडी नेमका सांगते. क्षयाच्या रोग्यांना ज्या हवेसाठी इथं आणत, त्याच हवेचं मोजमाप हे कार्बोरेटर करतं असं मला तेव्हापासून वाटतं.

रंग मी दिला नाही. पुष्कळांनी आग्रह केला. टाकी, मडगार्ड, सगळं चकाचक करून कडेनं सोनेरी रेघा मारता आल्या असत्या. पण टाकीच्या माथ्यावर जिथं पेट्रोल भरताना झाकण ठेवलं जायचं तिथं रंग झिजून पत्रा दिसतो, आणि डाव्या बाजूचं रबर एका गुडघ्याच्या आकारानं दबलं आहे. ते कुणाच्या तरी वापराचे ठसे आहेत. मी गंज थांबवला, पत्र्याला मेण लावलं, क्रोमचे पोपडे तसेच ठेवले. ब्रेकचे लायनर, केबली, टायर, बेअरिंग हे मात्र सगळं नवं. ज्यावर जीव अवलंबून आहे तिथं जुन्याचं प्रेम चालत नाही.

घाट उतरणं या गाडीवर शिकावं लागतं. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक फारसा नसतो. शिवाय पेट्रोलातूनच तेल जात असल्यामुळे थ्रॉटल बंद करून लांबचा उतार उतरलं तर इंजिनाला तेलच मिळत नाही. म्हणून वळणावळणावर थोडी मूठ पिळायची, ब्रेक थोडा थोडा, आलटून पालटून लावायचा. या चालीत पसरणीचा घाट दिसू लागतो. कडेचा कातळ, पावसाळ्यातले धबधबे, खाली कृष्णेच्या खोऱ्यातली शेतांच्या चौकटी, मग पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव, आणि वाईची देवळं. नव्या गाडीवर मी हे सगळं पार करून जात असे.

साताऱ्यालाच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, त्यामुळे या भागात दुचाकीचं काम जाणणारे हात पुष्कळ होते. पण 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. लिटरमागे ती जेवढी चाले त्याच्या निम्म्यानंही जावा-येझदी चालत नसत, आणि गिऱ्हाइकानं हिशेब केला. त्यात गिऱ्हाइकाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं, फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. रस्त्यात कधी नव्या जावावरचा तरुण भेटला की तो थांबून माझी गाडी बघतो आणि मी त्याची.

मिस्त्रींचा पुतण्या हल्ली दुकानात असतो. स्कॅनरचं काम त्याच्याकडे. गेल्या वेळी पॉइंट तपासायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी कागद त्याच्या हातात दिला आणि आपण मागं उभे राहिले. त्यानं दोनदा लावलं, दोन्ही वेळा मिस्त्रींनी "अजून थोडं अलीकडं" म्हणून मोडायला लावलं. आता पावसाळ्याआधी चेनकव्हरची रबरं बदलायची आहेत. ती उद्यमनगरात साच्यातून काढून घेऊ म्हणतात, आणि माप घ्यायला या वेळी पुतण्याच येणार आहे.