तोल कागदावरचा आणि लोखंडातला

‘बॉक्सर इंजिन आहे, तोल जन्मजातच असतो, बॅलन्सिंगवर पैसे कशाला घालवायचे?’ जुन्या फोक्सवॅगन कॅम्परच्या इंजिनाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं आणि दर वेळी मला तितकंच खुपतं. धडधडीत खोटं असतं तर सोडून देता आलं असतं, पण ते अर्धं खरं आहे. या इंजिनात समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. एकाचा धक्का दुसरा झेलतो. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्यांच्या दुप्पट गतीने जो उभा हिसका उरतो, तो इथे नाही. समोरासमोरचे पिस्टन नेमके एका रेषेत बसत नाहीत, थोडे पुढेमागे असतात, म्हणून किंचित आडवी झुलण्याची ओढ तेवढी राहते. हे सगळं मान्य. पण हा हिशेब चारही पिस्टन, चारही कनेक्टिंग रॉड अगदी सारख्या वजनाचे धरून केलेला आहे. फ्लायव्हील आणि क्लचबद्दल तर तो एक अक्षरही बोलत नाही. ती गोल फिरणारी चकती आहे. इंजिन बॉक्सर असो की आणखी कुठलं, तिला त्याचं सोयरसुतक नाही.

आता आकडे घेऊ. १५८४ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा स्ट्रोक ६९ मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या साडेचौतीस. १९७१ च्या सुमारास व्हॅनमधलं हे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांना ५० अश्वशक्ती द्यायचं. क्रँकच्या पिनेवर १० ग्रॅम जास्त असतील तर या गतीला सुमारे ६ किलोची ओढ तयार होते. तेच १० ग्रॅम क्लचच्या प्रेशर प्लेटच्या कडेला, मध्यापासून ११० मिलिमीटरवर असले तर ओढ होते जवळजवळ २० किलोची, आणि ती सेकंदाला ६६ वेळा दिशा बदलत बेअरिंगला हाणत राहते. म्हणून ‘बॅलन्सिंग केलं’ म्हणत चार पिस्टन काट्यावर तोलून, जड असलेला थोडा घासून बिल फाडलं जातं, तेव्हा ते काम चूक नसतं, पण उलट्या टोकाने सुरू केलेलं असतं. आधी फ्लायव्हील, मग प्रेशर प्लेट, मग दोन्ही क्रँकवर चढवून एकत्र. एकत्र तोललं की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर पंचाने खूण करायलाच हवी. प्रेशर प्लेट सहा बोल्टांवर बसते. पुढच्या वेळी कुणी एक घर फिरवून बसवली तर केलेला सगळा खर्च पाण्यात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: कारखान्यानेच एका इंजिनातल्या पिस्टनांमध्ये १० ग्रॅमपर्यंत फरक चालवून घेतला होता, आणि त्या व्हॅन लाखो किलोमीटर धावल्या. खरं आहे. मूळ जुळणी शाबूत असलेलं इंजिन कुणाकडे असेल तर मीही म्हणेन, हात लावू नका. पण पन्नास वर्षांच्या कॅम्परमध्ये तशी जुळणी क्वचितच उरलेली असते. क्रँक दोनदा ग्राइंड झालेला, पिस्टन एका बनावटीचे, रॉड दुसऱ्याच इंजिनातून आलेले, क्लच तिसऱ्याचा. कारखान्याची सवलत एका घरच्या भागांसाठी होती. गोळाबेरीज करून उभ्या केलेल्या इंजिनाने ती आपल्या नावावर लावून घेऊ नये.

दुसरा आक्षेप, बॅलन्सिंग ही रेसवाल्यांची हौस. व्हॅन चार हजारांच्या फार वर जातेच कुठे? ओढ गतीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे आठ हजारांच्या मानाने चार हजारांना ती चौथाईच, हेही कबूल. पण रेस संपते. कपाटं, पाण्याची टाकी, पलंग आणि चार माणसं घेतलेली कॅम्पर हायवेवर तासन् तास कमाल ताकदीच्या आसपासच चालते, आणि तिची बेअरिंगं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या, मधोमध दोन फाकांत उघडणाऱ्या केसमध्ये बसलेली असतात. ही बैठक लोखंडासारखी सोशिक नाही. ठोके खाऊन मोठी होते, मग बोअर करून जाड बेअरिंगं घालावी लागतात. इथे एक गोष्ट लपवत नाही: बीटल घराण्यातल्या या इंजिनाच्या मूळ क्रँकला काउंटरवेट नाहीत. पूर्ण क्रँक मशीनवर तोलला तरी त्याचा प्रत्येक गुडघा आपापल्या बेअरिंगला खेचतच राहतो, आणि ते कितीही बारीक बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. त्याला काउंटरवेटवाला क्रँकच हवा, आणि तो साध्या फिरतीच्या व्हॅनमध्ये घालावा का, याबद्दल माझं मत मधूनमधून बदलतं.

शिवाय थरथरीचं खापर दर वेळी तोलावर फोडणंही बरोबर नाही. टॅपेटची फट ०.१५ मिलिमीटर आहे का, टायमिंग जागेवर आहे का, एखादा सिलिंडर मिस मारतोय का, हे न बघता इंजिन उतरवणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर धक्का दोन फेऱ्यांत एकदा येतो. बिघडलेला तोल प्रत्येक फेरीला एकदा. उभ्या गाडीत रेस वाढवली की थरथर वाढते, की फक्त रस्त्यावर वेगाबरोबर, हेही आधी बघावं. दुसऱ्या प्रकारात चाकं आणि ॲक्सल आधी तपासावेत.

आणि पंखा. तो कुणी मोजतच नाही. या इंजिनात थंड हवेचा पंखा डायनॅमोच्या दांड्यावर असतो आणि क्रँकच्या पावणेदोनपटीहून जास्त फिरतो, म्हणजे चार हजारांना सात हजारांच्या वर. पातं वाकलं, तडा गेला, मातीचा थर एका बाजूला बसला की थरथर थेट मागच्या बाकापर्यंत पोचते. पट्टा काढून गार इंजिन अर्धा मिनिट चालवायचं, त्याहून जास्त नाही, कारण तेवढा वेळ त्याला हवा नसते. १९७२ च्या मॉडेलपासून व्हॅनमध्ये आलेल्या १.७ लिटरच्या इंजिनात पंखा थेट क्रँकवर असल्याने तिथे ही युक्ती चालत नाही. पण जिथे चालते तिथे पट्ट्याबरोबर थरथरही गेली, तर त्या व्हॅनपुरती माझी वरची फ्लायव्हीलची वकिली मी मागे घेतो.